समोरच्याचा डिपर

गावांची नावं मुद्दाम लिहीत नाही. लिहिली की तिथले लोक म्हणतात, आमच्याकडे असं नाही हो, त्या गाड्या बाहेरून येतात. चार दिवसांत साधारण बाराशे किलोमीटर गाडी चालवली. आधी सपाटीवरचा हायवे, मग घाट, मग एक मोठं शहर आणि परतीला दुपदरी रस्ता. देखावे फार सुंदर होते म्हणे. मागे बसलेल्यांनी ते पाहिले. मी बंपर पाहिले.

गाडीत आम्ही चौघं होतो. मी, बायको, आई आणि बहिणीचा मुलगा. भाच्याला लायसन्स मिळून तीनच आठवडे झाले होते, त्यामुळे त्याला सगळे नियम तोंडपाठ होते. मला लायसन्स मिळून सव्वीस वर्षं झाली. पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल.

पहिला दिवस

पहाटे पाचला निघायचं ठरलं होतं आणि आश्चर्य म्हणजे पाचलाच गाडीत बसलो. मग दहा मिनिटं तिथेच गेली, कारण आई मागच्या सीटवर बेल्ट लावेना.

"मागे कोण धरतंय?" तिचा सवाल.

धरतंय म्हणजे पोलीस. भाच्याने मागे वळून तिला समजावलं, "आजी, धडक बसली ना, की मागचा माणूस पुढच्या सीटवर आदळतो. पुढच्याने बेल्ट लावलेला असला तरी तो मागच्याच्या वजनाने चेपतो." आई क्षणभर माझ्या डोक्याच्या मागच्या बाजूकडे बघत राहिली असावी. "म्हणजे मीच माझ्या पोराला मारणार होय?" म्हणत तिने पट्टा ओढला खरा, पण खटक्यात न अडकवता पदर धरावा तसा हातात धरून बसली.

हा तीन टोकांचा पट्टा व्होल्वोच्या निल्स बोलिन नावाच्या इंजिनिअरचा. वर्ष १९५९. त्याआधी हा गृहस्थ साब कंपनीत, संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या सीटवर काम करत होता. आधी माणसं बाहेर फेकायची आणि मग आत बांधून ठेवायची, असा त्याच्या नोकरीचा प्रवास. व्होल्वोने त्याचं पेटंट इतर कंपन्यांनाही वापरू दिलं. इतकी मोलाची गोष्ट फुकट मिळालेली असल्यामुळेच बहुधा आपण ती हातात धरून बसतो.

उजाडताना हायवेला लागलो. दुभाजकालगतची लेन ओव्हरटेक करण्यापुरती असते, काम झालं की बाहेर यायचं, हे भाच्याने मला न विचारता सांगितलं. त्या लेनमध्ये आमच्यापुढे एक कंटेनर होता आणि त्याच्या शेजारच्या लेनमध्ये दुसरा. पहिल्याला दुसऱ्याच्या पुढे जायचं होतं. दोघांच्या वेगात फरक असेल ताशी दोन किलोमीटरचा. जर्मन भाषेत या प्रकाराला 'हत्तींची शर्यत' असा शब्द आहे. आमची शर्यत सहा मिनिटं चालली आणि शेवटी चढ लागल्यावर मागचा मागेच राहिला. तोवर माझ्या बुडाला चिकटून आलेला एकजण सतत हॉर्न कोकलत होता. मी कंटेनरवरून उडून जावं अशी त्याची अपेक्षा असावी.

अंतर ठेवायचा साधा हिशेब असा, की पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोचली की मोजायला लागायचं आणि आपण तिथे पोचेपर्यंत निदान दोन सेकंद व्हायला हवीत. ताशी शंभरने गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते, म्हणजे पुढे सुमारे ५५ मीटर रस्ता मोकळा सोडायचा. मी सोडला. पण हायवेवर मोकळा दिसणारा रस्ता हा आपल्यासाठीच राखून ठेवलाय असं प्रत्येकाला वाटतं. एक पांढरी गाडी त्यात शिरली. मी मागे सरकून पुन्हा ५५ मीटर केले. मग एक जीप शिरली. मी पुन्हा मागे. अर्ध्या तासाने बायको म्हणाली, असंच अंतर ठेवत राहिलास तर आपण संध्याकाळपर्यंत परत घरी पोचू.

दुपारनंतर दुभाजक संपला आणि रस्ता दुपदरी झाला. मर्यादा ८० ची होती आणि माझा काटा १०० च्या वर होता. समोरून येणाऱ्या ट्रकने डिपर मारला, म्हणजे हेडलाइटची उघडझाप केली. त्याच्या मागच्या कारने मारला. तिच्या मागच्या टेंपोनेही. याचा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही: पुढे उभे आहेत. माझा पाय आपोआप वर आला. दोन किलोमीटरवर झाडाखाली जीप, तिपाईवर स्पीडगन आणि शेजारी खुर्चीत एक पोलीस. मी ७६ ने, चेहऱ्यावर शक्य तेवढं पुण्य आणून, समोरून गेलो. पुढचं वळण संपताच काटा पुन्हा शंभरावर.

"मामा," भाचा म्हणाला, "आता का वाढवलास?"

मी रस्त्याकडे लक्ष द्यायला लागलो.

पण त्या डिपरचं मला दिवसभर नवल वाटत राहिलं. ज्यांनी मला साइड दिली नसती, ज्यांनी रात्री डोळ्यांवर अपर, म्हणजे हेडलाइटचा वरचा झोत, मारून मला खड्ड्यात घातलं असतं, अशा तीन अनोळखी माणसांनी मी दंडातून वाचावा म्हणून हात हलवण्याचे कष्ट घेतले. त्याच दिवशी वाटेत भर रस्त्यात पडलेलं टायर होतं, उघडं गटार होतं, रस्ता ओलांडणारी शाळेची पोरं होती. त्यांच्यासाठी कुणी डिपर मारला नव्हता. मीही नाही.

स्पीड कॅमेऱ्याची गंमत मला ठाऊक होती, ती मी भाच्याला सांगितली, जरा विषय बदलावा म्हणून. मॉरिस गात्सोनिडेस हा डच माणूस स्वतः रॅलीत गाडी पळवणारा, १९५३ ची मॉन्टे कार्लो रॅली जिंकलेला. वळणावर आपला वेग आणखी वाढवता येईल का हे तपासायला त्याने वेग मोजायचं यंत्र बनवलं. पुढे त्यातूनच पोलिसांचे कॅमेरे आले. भाचा म्हणाला, "म्हणजे तोही तुझ्यासारखाच होता." विषय बदलला नाही.

दुसरा दिवस

घाट. अठरा किलोमीटर. पायथ्याशी पाटी होती, 'उतरताना खालचा गिअर वापरा'. आम्ही चढत होतो आणि समोरून उतरणाऱ्या ट्रकांच्या चाकांचा करपट वास काच बंद असूनही आत येत होता. उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवायचं, सगळा भार ब्रेकवर टाकायचा; मग लायनर तापतात, पकड सुटते आणि पेडल खालपर्यंत दाबलं तरी गाडी थांबत नाही. ज्या गिअरमध्ये चढवली त्याच गिअरमध्ये उतरवायची, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम त्या पाटीहून जुना आहे. वाचवलेलं डिझेल किती आणि जीव किती, हा हिशेब उतारावर करायला वेळ मिळत नाही.

सातव्या किलोमीटरला थांबलो. वर कुठेतरी एक टँकर बंद पडला होता. आमच्या बाजूला चाळीसेक गाड्यांची रांग. समोरची बाजू रिकामी, कारण वरून थोड्या थोड्या गाड्या सोडत होते. दहा मिनिटं सगळं फार शहाण्यासारखं चाललं. लोक उतरले, पाय मोकळे केले, एकमेकांना विचारलं काय झालंय. मग मागून एक मोठी काळी गाडी निघाली आणि रिकाम्या बाजूने सरळ वर गेली. तिच्या मागे सहा. सहांच्या मागे वीस. प्रत्येकाचं म्हणणं एकच असणार, सगळेच जातायत तर मी एकट्याने काय म्हणून थांबायचं. वळणावर वरून उतरणारी बस यांच्या नाकासमोर येऊन उभी राहिली आणि संपलं. आता टँकर बाजूला घेतला तरी कुणी हलू शकत नव्हतं. क्रेनलाही वर जायला वाट नव्हती.

ती काळी गाडी नेमकी माझ्या शेजारी आली होती. इंडिकेटर लावून, काच खाली करून तो माणूस मला हाताने विनवत होता, थोडं आत घ्या. मी घेतलं नाही. खोटं कशाला बोलू, पुढच्या गाडीच्या बंपरला बंपर लावून उभा राहिलो आणि त्याच्याकडे बघितलंही नाही. फार बरं वाटलं. बायको शांतपणे म्हणाली, "त्याला घेतलं असतंस तर बस सुटली असती." आई म्हणाली, "बरोबर केलंस." मी आईचं ऐकलं.

सव्वा तास गेला. पोलीस नाही, फोन लागत नाही. मग वरून एक पोरगा चालत आला. कुठल्यातरी ट्रकचा क्लीनर, वय अठरा-एकोणीस, अंगात बनियन, एका चपलेचा अंगठा तुटलेला, त्यामुळे पाय फरपटत टाकत होता. हातात ऑइल पुसायचं लाल फडकं. त्याने कुणालाच काही विचारलं नाही. प्रत्येक बॉनेटवर सपाट हाताने दोन थापा मारायचा आणि म्हणायचा, "मागे. अजून मागे. बस." उतारावर मागे घ्यायला घाबरणाऱ्यांच्या चाकामागे दगड लावायचा, गाडी स्थिरावली की काढायचा. काळ्या गाडीवाल्याला त्याने माझ्या पुढे घातलं. मला फक्त तळहात दाखवला, थांब म्हणून. मी थांबलो. तू कोण, असं त्या अख्ख्या घाटात एकानेही विचारलं नाही. चाळीस मिनिटांत बस खाली गेली, रांग हलली, आणि तो चप्पल हातात घेऊन पळत जाऊन चालत्या ट्रकच्या केबिनला लटकला.

जगातला पहिला ट्रॅफिक सिग्नल १८६८ च्या डिसेंबरात लंडनला संसदेजवळ उभा राहिला. त्यालाही शेजारी उभं राहून दांडे वरखाली करणारा पोलीस लागत होता. दिवा गॅसचा होता. महिन्याभरातच स्फोट झाला आणि तो पोलीस जखमी झाला. आमच्या क्लीनरकडे फडकं होतं. त्यात फुटण्यासारखं काही नव्हतं.

मुक्कामी पोचायला रात्र झाली. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. झोपलो.

तिसरा दिवस

शहरात शिरतानाच गाड्या खोळंबल्या होत्या. वीस मिनिटं रांगत गेल्यावर अचानक रस्ता मोकळा. ना अपघात, ना खड्डा, ना सिग्नल. असं निष्कारण तुंबणं जपानमधल्या संशोधकांनी २००८ मध्ये मांडून दाखवलं आहे. २३० मीटर घेराच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या सोडल्या आणि सगळ्यांनी सारख्या वेगाने चालवा म्हणून सांगितलं. थोड्याच वेळात कुणीतरी जरा जास्त ब्रेक दाबला, मागच्याने त्याहून जास्त, आणि तुंबलेला घोळका आपोआप मागे मागे सरकत फिरू लागला. म्हणजे माझ्या वीस मिनिटांना जबाबदार असलेला ब्रेक कुणीतरी पहाटेच दाबून एव्हाना घरी पोचलाही असेल.

गाडी लावून आईला घेऊन रस्ता ओलांडायचा होता. सव्वीस वर्षं मी या पट्ट्यांकडे काचेआडून बघत आलोय. त्या दिवशी पायी बघितले. काळे-पांढरे पट्टे, बाजूला चालत्या माणसाचं चित्र, सगळं नियमात. आईने एक पाऊल खाली टाकलं की येणारी गाडी हळू होण्याऐवजी वेग वाढवायची, हिच्या आधी निसटू म्हणून. आई पाऊल मागे घ्यायची. चार वेळा असं झालं. पाचव्या वेळी तिने माझा दंड इतका घट्ट धरला की संध्याकाळपर्यंत बोटं उमटलेली होती. असे पट्टे पहिल्यांदा अधिकृतपणे आखले १९५१ मध्ये इंग्लंडातल्या स्लाव गावी. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे, की २०२१ मध्ये जगात रस्त्यांवर सुमारे ११ लाख ९० हजार माणसं मेली आणि त्यांतली निम्म्याहून अधिक पायी, सायकलवर किंवा मोटरसायकलवर होती. ज्यांच्या भोवती पत्रा नाही, ती. हा आकडा मी पूर्वी वाचला होता, पण आईची बोटं दंडात रुतलेली असताना तो वेगळाच वाटतो.

रस्ता शेवटी ओलांडला तो एका म्हशीच्या आडोशाने. तिच्यासाठी सगळे थांबले.

आणि तासाभराने मी स्वतः सापडलो. सिग्नल हिरव्याचा पिवळा झाला. पिवळा म्हणजे थांबता येत असेल तर थांबा. मला येत होतं. मी दाबली. रेषेवर असतानाच लाल झाला. चौकापलीकडे झाडामागून एक हात बाहेर आला.

हवालदार पन्नाशीचे, तोंडाला रुमाल, डोळे धुराने लाल. माझ्या तोंडून जे निघालं ते असं: "साहेब, पुढचा दुचाकीवाला तर पूर्ण लाल असताना गेला."

"गेला," ते म्हणाले. "एका पावतीला मला पाच मिनिटं लागतात. तेवढ्यात तीस जातात. तुम्ही चारचाकी, पळणार नाही, म्हणून तुम्ही."

इतकं स्वच्छ उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. मला चेव आला. काल घाटात दोन तास अडकलो तेव्हा तुमचं कुणी नव्हतं, म्हटलं. इथे झाडामागे लपायला माणूस आहे, तिथे नाही?

त्यांनी रुमाल खाली केला. "चौकात उभा राहिलो तर मला बघून थांबतात, मी गेलो की जातात. झाडामागे उभा राहिलो तर तुम्ही म्हणता लपला. आणि घाटात उभं राहून करू काय? गाडी बाजूला घ्यायला जागा आहे? एक थांबवली की मागे वीस तुंबतात, वळणावर कुणीतरी येऊन ठोकतो. मग म्हणणार, पोलिसामुळे झालं." त्यांनी हाताने दाखवलं. "इथे रुंद आहे. सावली आहे. चार गाड्या सहज उभ्या राहतात."

पावती रीतसर फाडली. देवघेवीची भाषा त्यांनीही काढली नाही, मीही नाही. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. पोलीस कुठे उभा राहणार हे माणसं कुठे मरतात त्यावरून ठरत नाही, गाडी कुठे बाजूला घेता येते त्यावरून ठरतं. म्हणून सरळ, रुंद, सावलीच्या रस्त्यावर आपण सगळे सज्जन असतो आणि आंधळ्या वळणावर मोकाट. शिक्षा किती मोठी आहे यापेक्षा ती नक्की होणार का याला माणूस घाबरतो, असं बेक्कारिया नावाच्या इटालियनाने १७६४ मध्ये, मोटार जन्माला येण्याच्या खूप आधी लिहून ठेवलंय. आपण दर काही वर्षांनी दंडाची रक्कम वाढवतो. नक्कीपणा वाढवायचा तर माणसं लागतात, कॅमेरे लागतात, आणि घाटात गाडी बाजूला घ्यायला रस्त्याला चार मीटरची पुरवणी लागते. रक्कम वाढवायला कागद पुरतो.

रात्री भाच्याने मोबाइलवर काहीतरी शोधून वाचून दाखवलं. ओला स्वेन्सन नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने १९८१ मध्ये चालकांना विचारलं, की तुम्ही इतरांच्या तुलनेत कितपत कुशल आहात. अमेरिकेतल्या गटात ९३ टक्के लोकांनी स्वतःला वरच्या अर्ध्यात बसवलं. "मामा, तू कितव्या टक्क्यात?"

झोप म्हटलं. उद्या लवकर निघायचंय.

चौथा दिवस

लवकर निघालो नाहीच. दुपार झाली, आणि शेवटचे दीडशे किलोमीटर अंधारात आले. दुपदरी रस्ता, पट्टे पुसलेले, कडेला काही ठिकाणी रिफ्लेक्टर. त्या चमकत्या खड्यांचं पेटंट पर्सी शॉ या इंग्रजाने १९३४ मध्ये घेतलं होतं. आमच्या वाटेवर दहातले चार उखडलेले, त्यामुळे रस्ता दात पडल्यासारखा दिसत होता. समोरचा प्रत्येकजण अपरवर. एक गाडी गेली की दोन-तीन सेकंद काहीच दिसायचं नाही, आणि ती सेकंदं मी स्मरणशक्तीवर गाडी चालवत होतो.

एका वळणानंतर समोरच्या बाजूला काहीतरी काळं उभं दिसलं. ट्रेलर. बंद पडलेला, तोंड आमच्याकडे, पूर्ण त्यांच्या लेनमध्ये. आत कुणी नाही. शेजारून जाताना भाच्याने काच खाली करून मागे बघितलं.

"मामा, मागे एक लाइट नाही. रिफ्लेक्टरपण नाही. नुसती झाडाची फांदी खोचलीय."

त्याच क्षणी ट्रेलरच्या मागून एक मोटरसायकल बाहेर फेकल्यासारखी आमच्या लेनमध्ये आली. त्याने शेवटच्या क्षणी पाहिलं असणार. मी ब्रेकवर जवळजवळ उभा राहिलो. त्याचा आरसा आमच्या आरशाला घासून गेला. खाड्कन आवाज झाला आणि आमचा आरसा आत मिटला. तो पडला नाही. थांबलाही नाही. मागच्या सीटवरून आणखी एक आवाज आला, बारीक, खट्. आईने खटका लावला होता.

थोडं पुढे जाऊन बाजूला थांबलो, जिथे बाजू होती तिथे. पोलिसांना फोन केला, जागा सांगितली. पलीकडच्या बाई म्हणाल्या, गाडी पाठवते. कधी, ते विचारलं नाही. आमच्याकडे लाल त्रिकोण होता, डिकीत, सगळ्या बॅगांच्या खाली. मी आणि भाचा तो घेऊन कडेकडेने मागे चालत गेलो आणि ट्रेलरच्या मागे शंभरेक पावलांवर मांडून आलो. गाडी सुरू केली तेव्हा हात थोडे थरथरत होते.

समोरून एक दिवा आला. त्रिकोण वाऱ्याने पडला तर, असं मनात आलं आणि मी डिपर मारला. तीनदा. ती कार लगेच हळू झाली. जवळून जाताना तिच्या आतला दिवा लागलेला दिसला. शेजारी बसलेली बाई घाईघाईने बेल्ट खांद्यावरून ओढत होती. तिच्या मागून एक ट्रक आला. डिपर. ट्रकने अपर खाली केला, वेग कमी केला आणि हॉर्नचा एक छोटा टुक् दिला, आभाराचा.

"त्यांना वाटतंय पुढे पोलीस आहेत," भाचा म्हणाला.

"वाटू दे."

मग पुढे पंधरा-वीस मिनिटं, समोर दिवा दिसला की डिपर. बायकोही मोजायला लागली. शेवटचा एक मोटरसायकलवाला होता, भरधाव, हेल्मेट कोपरात अडकवलेलं. आमचा डिपर बघून तो हळू झाला, रस्त्याच्या कडेला पाय टेकून थांबला आणि आमच्या हेडलाइटच्या उजेडात हेल्मेट कोपरातून काढून डोक्यावर घातलं. पट्टा हनुवटीखाली नीट आवळला. आम्ही शेजारून जाताना त्याने मला एक हात वर केला, आपल्यातलाच माणूस म्हणून, आणि वळणाच्या दिशेने सावकाश निघाला.